हॉटेलच्या किचनची तपासणी: सुरुवात रात्रीच्या ग्रेव्हीपासून करा

महाराष्ट्रात हॉटेलांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी करतात. ते कळवून येतीलच असं नाही, म्हणून तयारी रोजच्या कामातच बसवावी लागते. परवाना दर्शनी भागात लावा. कामगारांची वार्षिक वैद्यकीय प्रमाणपत्रं, पाण्याचा तपासणी अहवाल आणि पेस्ट कंट्रोलची बिलं एका फाइलमध्ये ठेवा. कागद जमवणं सोपं असतं. किचन अडकतं ते तापमानावर, त्यातही रात्री उरलेल्या ग्रेव्हीवर आणि भातावर.

20 लिटरचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं की कडेची ग्रेव्ही निवते, मधली मात्र तासन्‌तास कोमट राहते. शिजवताना जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू (उष्णता सोसणारं सुप्त रूप) तगतात आणि त्या कोमट भागात झपाट्याने वाढतात. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे ‘सकाळी खळखळून उकळू’ हा यावरचा इलाज नाही.

अन्न 60 अंश सेल्सिअसवरून 21 अंशांवर 2 तासांत आलं पाहिजे, आणि पुढच्या 2 तासांत 5 अंशांवर. त्यासाठी ग्रेव्ही पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये ओता, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळा. काजू-कांद्याची दाट ग्रेव्ही पातळ रश्श्यापेक्षा उशिरा निवते, तिचा थर आणखी पातळ ठेवा. थंड झाल्यावर झाकण लावा आणि तारीख-वेळेची चिठ्ठी चिकटवून फ्रीजमध्ये टाका. गरम पातेलं थेट फ्रीजमध्ये सरकवलं तर शेजारचं दूध-पनीरही तापतं.

फ्रीजच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. सळईचा थर्मामीटर घ्या, बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात बुडवा. 0 दाखवत नसेल तर दुरुस्त करा किंवा बदला. फ्रीज 5 अंश किंवा खाली, डीप फ्रीझर उणे 18. कच्चं चिकन आणि मासे कायम खालच्या कप्प्यात, कारण त्यांचं पाणी शिजवलेल्या अन्नावर ठिबकतं. बेन मारीत (गरम पाण्यावर अन्न ठेवायची पेटी) अन्न 60 अंशांच्या वर राहिलं पाहिजे. ती अन्न गरम ठेवते, गरम करत नाही. आधी गॅसवर आतपर्यंत 75 अंश गाठा, मगच तिच्यात ओता.

कच्च्या खायच्या भाज्यांसाठी 10 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं, अन्नासाठी चालणारं सोडियम हायपोक्लोराईट 10 मिली घाला. क्लोरीन 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) होतं. नंतर भाज्या पिण्याच्या पाण्याने धुवा. तळणीच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद.

तापमानाची वही त्या त्या वेळी भरा. महिनाभराचे आकडे एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेले लगेच ओळखू येतात. एखाद्या दिवशी फ्रीज 9 अंशांवर गेला असेल तर तेच लिहा, आणि त्यातल्या मालाचं काय केलं तेही.

अधिकाऱ्यांनी नमुना घेतला तर त्याचे चार भाग होतात. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती तुम्हाला करता येते. ती नमुना घेताना तिथेच लेखी द्या. सुधारणा नोटीस (त्रुटी दुरुस्त करायला सांगणारी) आली तर किमान 14 दिवसांची मुदत मिळते. प्रत्येक मुद्द्यापुढे केलेली दुरुस्ती लिहा, फोटो आणि बिल जोडा आणि मुदतीआधी उत्तर देऊन पोच घ्या.