इंग्रजीचे नियम कानाने कसे पारखावेत

मराठी वाचणाऱ्याला जे लिहिले आहे तेच उच्चारण्याची सवय असते आणि इंग्रजीत ही सवय वारंवार दगा देते. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४७६ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले, परंतु साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांचे उच्चार बदलतच होते. नाव या अर्थाच्या 'नेम' शब्दाचा जुना उच्चार आपल्या 'नाम'च्या जवळचा होता. स्पेलिंग त्या उच्चाराचे राहिले आणि बोलणे पुढे निघून गेले. काही अक्षरे तर पंडितांनी मागाहून घुसवली. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दातला 'बी' हा लॅटिन 'डेबिटम'ची आठवण म्हणून आला. तो इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नव्हता. म्हणून नियम शोधताना डोळ्यांपेक्षा कानावर अधिक भिस्त ठेवावी.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न याच कसोटीवर सुटतो. पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर पाहू नये, पहिला ध्वनी ऐकावा. 'अवर'च्या आरंभीचा 'एच' मुका असल्याने 'ॲन अवर' होते. 'युनिव्हर्सिटी'चे पहिले अक्षर स्वर असले तरी तोंडातून 'य' निघतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. संक्षेपांनाही हेच लागू पडते : 'एम' या अक्षराचे नाव 'ए'ने सुरू होते, त्यामुळे 'ॲन एमपी'.

अनेकवचनाचा 'एस' आणि भूतकाळाचा 'ईडी' यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आपण 'गंगा', 'अंत' आणि 'पंप' या शब्दांत एकच अनुस्वार लिहितो, पण पुढच्या व्यंजनानुसार त्याचे ङ्, न्, म् असे तीन उच्चार सहज करतो, आणि ते आपल्याला कोणी शिकवलेले नसते. इंग्रजीतला 'एस' असाच वागतो. फरक इतकाच, की तो पुढच्या नव्हे, मागच्या ध्वनीकडे पाहतो. गळ्यावर दोन बोटे ठेवून 'कॅट' आणि 'डॉग' यांचे शेवटचे व्यंजन म्हणून पाहावे. 'ट्'ला गळा थरथरत नाही, म्हणून 'कॅट्स'. 'ग्'ला थरथरतो, म्हणून 'डॉग्झ'. 'बस'सारख्या शब्दाच्या शेवटी आधीच सकारासारखा ध्वनी असतो, तेव्हा मध्ये स्वर घेऊन 'बसिझ' म्हणावे लागते. 'ईडी'चेही तसेच : 'वॉक्ट', 'कॉल्ड', आणि मूळ शब्द 'ट' किंवा 'ड'ने संपत असेल तरच 'वॉन्टिड'. 'वॉक्ड' किंवा 'वॉकेड' म्हणण्याची चूक शिकलेल्या माणसांकडूनही सर्रास होते. 'नग्न' या अर्थाचा 'नेकिड' आणि 'विद्वान' या अर्थाचा 'लर्निड' ही विशेषणे मात्र नियमाबाहेरची आहेत. ती पाठच करावीत.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची गल्लत घालवण्यासाठी आरसा पुरतो. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'वेस्ट' म्हणताना ओठ चंबूसारखे गोल व्हावेत आणि दात दिसू नयेत. 'थिंक'मधला ध्वनी हा आपला 'थ' नव्हे. आपला 'थ' लांबवता येत नाही, तोंडातली हवा क्षणभर अडून सुटते. इंग्रजीतला ध्वनी जिभेचे टोक दातांमध्ये ठेवून श्वास संपेपर्यंत चालू ठेवता येतो. लांबवता आला नाही, तर तो चुकला असे समजावे.

या साऱ्यांहून, माझ्या मते, आघाताची, म्हणजे शब्द उच्चारताना जोर कुठे द्यायचा याची, चूक अधिक महागात पडते, कारण एखादे व्यंजन चुकले तरी ऐकणारा शब्द ओळखतो, पण आघात शब्दाच्या चुकीच्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या चुकीच्या तुकड्यावर, पडला की शब्दच हरवतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर असतो. जोर सरकला की उरलेले स्वर आखडून पुसट 'अ'सारखे होतात, म्हणून 'फोटोग्राफर' प्रत्यक्षात 'फटॉग्रफर' असा ऐकू येतो. मराठी माणूस प्रत्येक अवयवाला सारखा न्याय देतो, आणि इथे तीच अडचण होते. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. शब्दकोशात आघाताच्या अवयवापूर्वी छोटी उभी रेघ वर दिलेली असते. नवा शब्द टिपताना अर्थाआधी ती रेघ टिपावी.

व्याकरणातल्या चुकांपैकी बऱ्याच आपल्या शब्दयोगी अव्ययांतून येतात. 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' या दोन्हींत आपला 'पासून' चालतो, म्हणून 'सिन्स' आणि 'फॉर' एकमेकांत मिसळतात. ज्या ठिकाणी 'तीन वर्षे झाली' असे म्हणता येते तिथे 'फॉर' घ्यावा. 'सोमवार झाला' म्हटले की अर्थ बिघडतो, म्हणून तिथे 'सिन्स'. मराठीत 'काम करत आहे' हा वर्तमानकाळ पुरत असला तरी इंग्रजीत मात्र 'आय हॅव बीन वर्किंग' असेच म्हणावे लागते. 'बद्दल चर्चा करणे' याच्या प्रभावाने 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येतो. तो काढून टाकावा, कारण 'डिस्कस'ला थेट कर्म लागते.

'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' या वाक्यात तर मराठीचे ऐकले असते तर बरे झाले असते. 'तो कुठे आहे?' हा प्रश्न आणि 'तो कुठे आहे ते मला माहीत नाही' हे वाक्य, दोन्हींत आपण 'तो' आधी आणि 'आहे' नंतर ठेवतो. इंग्रजी फक्त थेट प्रश्नात हा क्रम उलटवते; प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की तोही आपल्यासारखाच 'व्हेअर ही इज' असा सरळ होतो.