देवनागरी टायटल शिकताना: पाटी, पत्रिका आणि पोस्टर

नाटकाची जाहिरात, सिनेमाचं पोस्टर, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, दारावरची पाटी आणि घरातल्या लग्नाची पत्रिका. कामं पाच, पण करणारा हात एकच असू शकतो. दोन-चार शब्द असे काढायचे की ते लांबून वाचता आले पाहिजेत आणि दुसऱ्या कुणाचे वाटता कामा नयेत. धंद्यात याला नुसतं ‘टायटल’ म्हणतात. फॉन्ट करणं हे वेगळं काम आहे. तिथे प्रत्येक अक्षराला कुठल्याही अक्षराशेजारी उभं राहायचं असतं, म्हणून सगळ्यांना शिस्तीत बसवावं लागतं. टायटलमध्ये तो एक शब्द जमला की झालं.

नवीन मुलं क, ख, ग घोटत बसतात आणि अडकतात ती मात्रा-वेलांट्यांत. देवनागरीचा खरा पेच शिरोरेषेच्या वर आणि अक्षरांच्या पायाखाली असतो. म्हणून शब्दातली सगळ्यात गर्दीची जागा आधी काढायची आणि उरलेला शब्द तिला जुळवून घ्यायचा. एवढी एक सवय लागली तरी निम्मी चिडचिड वाचते.

हात बसवण्यासाठी बोरू किंवा कट निब (तिरकी कापलेली चपटी निब) घ्या. दुकानात रोमन कॅलिग्राफीचे जे संच मिळतात त्यांच्या निबची तासणी देवनागरीसाठी उपयोगाची नाही. आपल्या बोरूचा उतार उलट्या बाजूला असतो. रोमन निबने ‘व’ काढला तर जाड आणि बारीक भाग भलत्याच जागी पडतात, आणि अक्षरात चूक काय आहे ते न कळता ते परकं वाटत राहतं. ‘देवनागरीची निब’ असं सांगूनच मागा.

प्रमाण सुरुवातीला असं धरा: अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या 5 पट, वर मात्रांसाठी 2 पट, खाली उकारांसाठी 2 पट. 5 मिमीची निब असेल तर 25 मिमी अक्षर, वर 10, खाली 10, म्हणजे एका ओळीला 45 मिमी. उभ्या ए-4 कागदावर अशा 6 ओळी बसतात. झेरॉक्सच्या 70 जीएसएम कागदावर शाई फुटते, काठ केसाळ होतात आणि पुढे स्कॅन करताना त्याचा त्रास होतो. कार्ट्रिज पेपर वापरा.

अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमाने न घेता आकाराच्या गटाने घ्या. आधी नुसते दंड आणि आडव्या रेघा. मग व, ब, क. त्यानंतर र, स, ख. मग प, ष, फ. मग ग, म, भ, न. ट, ठ, ढ, द हा गट दंड नसल्यामुळे अवघड जातो, त्याला घाई करू नका. इ, झ, ह सर्वांत शेवटी. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘व’चं पोट वळवताना मनगट फिरतं, निबचा कोन बदलतो आणि जाडी एकसारखी होऊन अक्षर नळीसारखं दिसतं. ओळ सुरू करताना निबच्या धारेच्या दिशेने एक बारीक रेघ मारा, ती केसासारखी आली पाहिजे. ओळ संपल्यावर त्याच कोनात पुन्हा मारा. दुसरी रेघ जाड आली तर मधे कुठेतरी हात फिरला आहे.

आता एक पाटी घेऊ. नाव: कुलकर्णी. अक्षरं चार आणि अडचणी दोन टोकांना. डावीकडे ‘कु’चा उकार खाली लोंबतो, उजवीकडे ‘र्णी’वर दुसरी वेलांटी आणि रफार एकाच जागेसाठी भांडतात. डावीकडून लिहीत गेलात तर ‘र्णी’पर्यंत पोचेपर्यंत वर जागा उरत नाही. मग रफार चिमटून लहान होतो आणि लांबून नाव ‘कुलकणी’ वाचलं जातं. म्हणून सुरुवात ‘र्णी’पासून करा. वेलांटीची कमान ‘ण’वरून थोडी सपाट न्या आणि रफार शेवटच्या दंडाच्या डोक्यावरून उजवीकडे मोकळा सोडा. दोघांमधली फट निदान एका रेघेच्या जाडीएवढी हवी. तेवढी मिळत नसेल तर फट ठेवूच नका, दोन्ही जोडून एकच वळण करा. अर्धवट फट छपाईत शाईने भरते आणि पितळेच्या पाटीवर मळाने. वरचं टोक ठरलं की ‘कु’चा उकार त्याच्या तोलाचा काढा. खाली डावीकडे आणि वर उजवीकडे असं वजन पडतं आणि नाव आपोआप उभं राहतं. मधले ‘ल’ आणि ‘क’ साधेच राहू द्या. हौसेने ‘ल’चं शेपूट लांबवलं की तिसरीकडे लक्ष जातं आणि जमलेला तोल बिघडतो.

‘ल’वरून आठवलं. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवले आहेत. टायटलला ते बंधन नाही, पण पाटीवरचा ‘ल’ हिंदी वळणाचा निघाला तर घरातलं वडीलधारं माणूस ते नक्की दाखवून देतं. संगणकावर भाषा मराठी निवडली नसेल तर बरेच फॉन्ट हिंदी रूपच देतात. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये मात्र मराठी रूपं मुळातच आहेत.

पाटी कापून घ्यायची असेल तर नियम बदलतात. 3 मिमी जाडीच्या ॲक्रिलिकमधून अक्षरं कापणार असाल तर सर्वांत बारीक भाग 3 मिमीपेक्षा कमी ठेवू नका, रफाराचं टोक तुटतं. शिरोरेषा असेल तर अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. ती काढून टाकली तर प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं आणि ओळ वाकडी होते. अनुस्वाराचा ठिपका नेहमीच सुटा निघतो आणि नेहमीच हरवतो, त्यामुळे ‘देशपांडे’ असेल तर दोन जास्तीचे ठिपके कापून घ्या.

नमुने गोळा करायला संग्रहालयात जायची गरज नाही, आपल्या घरात ढीग पडलेला असतो. स्वयंपाकघरातल्या जुन्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली नावं बघा. जाड-बारीक हा प्रकारच तिथे नाही, अक्षराचा फक्त सांगाडा. तो सांगाडा नीट असेल तरच नाव वाचता येतं, त्यामुळे रचना समजायला याहून चांगला धडा नाही. मग आजीच्या ट्रंकेतल्या लग्नपत्रिका काढा. खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून छापलेली पत्रिका भिंगाखाली धरली तर दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषेत बारीक खंड दिसतो, कारण प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर आपापला रेघेचा तुकडा असतो. मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाच्या टाइपात हे सांधे किती सफाईने लपवले आहेत ते याच भिंगाने तपासा. फोटो अगदी समोरून घ्या, शेजारी पट्टी ठेवा आणि गाव व साल लगेच लिहून ठेवा. वर्षभराने काहीच आठवत नाही.

नाटकाच्या जाहिरातींत टायटलं करणारे अक्षरकार कमल शेडगे यांचं काम पाहायला घेतलं तर नुसतं ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका. ट्रेसिंग पेपर ठेवून शिरोरेषा कुठे तोडली आहे, कुठे दुसऱ्या अक्षरात मिसळली आहे आणि कुठे अजिबात नाही एवढंच गिरवा. अक्षरकार र. कृ. जोशी (1936–2008) यांचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमध्ये अनेक वर्षं आहेच. तो टायटलसाठी नाही, पण पडद्यावरच्या बारीक अक्षरात काय टिकतं ते त्यात दिसतं. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट याच्या अगदी उलट टोकाला. अक्षरं इतकी फुगवली आहेत की पोटातल्या मोकळ्या जागेच्या नुसत्या चिरा उरल्या आहेत, तरी शब्द वाचता येतो. का येतो हे शोधण्यात एक रविवार घालवा.

सिनेमाच्या टायटलबद्दल एक स्पष्ट मत. शिवकालीन सिनेमा म्हटला की सोनेरी अक्षरं, तडकलेला दगड आणि तलवारीचा केलेला दंड हे आता पुरे. त्या काळचा दरबारी कागद मोडी लिपीत आहे. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा मारून घेत आणि मग हात न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जात. ती धाव, तो सलगपणा टायटलमध्ये आणता आला तर काळ दिसेल. तलवारीने फक्त तलवार दिसते. भयपटातल्या ओघळत्या मात्रांचंही तेच. विनोदी नाटकाला अक्षरं शिरोरेषेवरून वर-खाली उडवणं चालतं, पण एका शब्दात एकच अक्षर उडवा.

निर्मात्याला हल्ली एक टायटल पुरत नाही. पोस्टरसाठी उभी मांडणी, पडद्यासाठी आडवी, मोबाइलवरच्या टिचभर चौकटीसाठी तिसरी, शिवाय त्याच नावाची रोमन लिपीतली जोडी. त्यामुळे पहिल्या स्केचपासूनच शब्द दोन ओळींत कसा मोडेल ते ठरवा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. ते टाळायला ओळी एकमेकींपासून लांब नेल्या की टायटल विस्कटतं. उकाराच्या बरोब्बर खाली मात्रा नसलेलं अक्षर येईल असं सरकवून बघा. तयार टायटल 2 सेंमी रुंदीत छापा आणि हात लांब करून वाचा. ज्याला शब्द माहीत नाही अशा माणसाकडूनही वाचून घ्या, कारण आपल्याला तो पाठ झालेला असतो.

कागदावरून संगणकावर नेताना 600 डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. 25 मिमी उंचीचं अक्षर त्यात साधारण 590 पिक्सेल येतं, तेवढं पुरतं. ऑटो ट्रेसचं (स्कॅनवरून आपोआप बाह्यरेषा काढण्याचं) बटण दाबून सुटका होत नाही. एका ‘व’च्या बाह्यरेषेवर डझनांनी बिंदू पडतात आणि शिरोरेषा लाटांसारखी येते. बिंदू हाताने टाका, वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला. शिरोरेषा वेगळा सरळ आयत म्हणून काढा आणि शेवटी जोडा. गोल पोटाची अक्षरं पायरेषेच्या किंचित खाली उतरवा, नाहीतर सपाट अक्षरांशेजारी ती लहान दिसतात.

छापखान्यात बहुतेक ठिकाणी अजून कोरलड्रॉ चालतं आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तुमचा युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की कचरा दिसतो. टायटल नेहमी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं रेखाकृतीत रूपांतर करून पाठवा आणि पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडे बसवल्यावर नव्याने वाचा. ऱ्हस्व-दीर्घ, ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार, तारीख आणि वार यांचा मेळ, हे सगळं तिथेच घसरतं. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरकही तिथेच पुसला जातो. ‘आचाऱ्यांना’ टाइप करताना ‘ऱ’ हा वेगळा वर्ण घेऊन हलन्त द्यावा लागतो. घरच्या पत्रिकेला मंजुरी एकाच माणसाकडून घ्या, तीही लेखी. व्हॉट्सॲपवर ‘ओके’ चालतं. पाच नातेवाइकांच्या पाच दुरुस्त्या आल्या की पत्रिका मुहूर्तापर्यंत पोचत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. शाळेत असाल तर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देऊन टाका. पुढे उपयोजित कलेची पदवी घेता येते. मुंबईचं सर ज. जी., पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, पणजीचं गोवा कला महाविद्यालय ही ओळखीची नावं. सर ज. जी.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथली प्रवेशप्रक्रिया त्यांच्याच माहितीपत्रकात बघा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग सीड परीक्षेतून जातो. पदवीशिवायही हे काम मिळतं, मात्र वीस कामांची वही दाखवावी लागते. त्यात वर्गातल्या सरावापेक्षा प्रत्यक्ष लागलेली पाटी, छापलेली पत्रिका असावी.

काम कुठून येतं? आधी नात्यातून: बारसं, मुंज, वास्तुशांत. मग गल्लीतल्या दुकानांतून. महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेलं असावं लागतं. बऱ्याच दुकानदारांनी तेव्हा घाईने कुठल्यातरी फॉन्टमध्ये नाव टाकून घेतलं. इंग्रजी लोगो देखणा आणि मराठी नाव उपरं अशा पाट्या रस्तोरस्ती आहेत. इंग्रजी लोगोची जाडी, वळणं आणि टोकं बघून त्याला शोभणारं देवनागरी नाव करून दाखवलं तर काम मिळण्याची शक्यता चांगली असते.

पैशांचं बोलणं स्केचच्या आधी. निम्मी रक्कम आगाऊ, तीन कच्चे पर्याय, दोन फेऱ्या दुरुस्त्या, त्यापुढे वेगळे पैसे. हे नातेवाइकांनाही सांगा. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नसतील तर नका घेऊ, पण दुरुस्त्यांची मर्यादा तीच ठेवा. बाहेरच्या कामाला लेखी करार हवाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते सहीनिशी लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सिनेमाचा निर्माता जगभरासाठी कायमचे हक्क मागणार हे गृहीत धरा आणि त्या हिशेबाने आकडा सांगा. नोकरीत असताना केलेलं काम सहसा मालकाचं. पैसे येईपर्यंत फक्त लहान आकाराचं, वर आडवी खूण टाकलेलं चित्र पाठवा, कर्व्ह केलेली फाइल नंतर. हाताने काढलेला मूळ कागद द्यायचा की नाही हे करारात वेगळं लिहा, आणि लिहिलं नसेल तर तो आपल्या फायलीत लावा.