क्रोशाच्या वस्तू विकायच्यात? आधी पॅटर्नखालची ओळ वाचा

स्टॉल बुक झाला, लोकर आणली, चार बाहुल्या विणून पण झाल्या आणि मग कोणीतरी विचारतं, अगं पण हा पॅटर्न तर दुसऱ्या कुणाचा आहे ना, विकलं तर चालतं का? नाशिकमध्ये आता डोंगरे मैदानावरचं प्रदर्शन असो नाहीतर सोसायटीतलं दिवाळीचं, क्रोशाचं एखादं टेबल असतंच, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो. एका शब्दात उत्तर नाही, पण पॅटर्न वेगळा आणि त्यावरून केलेली वस्तू वेगळी एवढं डोक्यात पक्कं केलं की बाकीचं बरंच सोपं जातं.

पॅटर्न म्हणजे लिहिलेल्या सूचना, चार्ट, फोटो. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, त्यानुसार जिने हे लिहिलं तिचा हक्क लिहिल्या क्षणापासून सुरू होतो, रजिस्ट्रेशन केलंच पाहिजे असं नाही, आणि तो ती असेपर्यंत आणि तिच्यानंतर ६० वर्षं राहतो. ती अमेरिकेत राहते की कोरियात याने फरक पडत नाही, बर्न करारामुळे (देशांनी एकमेकांच्या लेखकांचे हक्क मानायचे असा आंतरराष्ट्रीय करार) तिचा हक्क इथेही चालतो. म्हणून विकत घेतलेली पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं, क्लासमध्ये सगळ्यांना झेरॉक्स वाटणं हे सरळसरळ चूक आहे, मग पैसे घेतले असोत नाहीतर नसोत. फ्री पॅटर्नचंही तेच, फुकट वाचायला दिलाय म्हणजे हक्क सोडला असं नाही, मैत्रिणीला लिंक पाठवा, फाइल नको. आणि एक गोष्ट आपल्यात फार होते म्हणून मुद्दाम सांगते. इंग्रजी पॅटर्न मराठीत लिहून काढायचा आणि आपल्या नावाने विकायचा. भाषांतर करायचा हक्कसुद्धा मूळ लिहिणारीचाच असतो, कलम १४ मध्ये तसं स्पष्ट आहे. मराठीत पॅटर्न यायलाच हवेत, खूप जणींना इंग्रजी शॉर्टफॉर्म वाचता येत नाहीत, पण त्यासाठी आधी परवानगी घ्या.

आता जे कुणाचंच नाही ते. साखळी आणि खांब हे टाके, मॅजिक रिंग (गोल विणकाम सुरू करायची कडी), टाके वाढवायची आणि घटवायची पद्धत, ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर विणत जायचा चौकोन), रुखवतात मांडतात ती तोरणं आणि ताटावरचे रुमाल, आजीकडून आईकडे आलेले हे नमुने बिनधास्त विणा आणि विका. कल्पनेवर आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत किंवा चित्रात मांडली त्यावर असतो.

तयार वस्तू विकायचा प्रश्न मात्र याच्या मधे कुठेतरी पडतो. साधी टोपी, मफलर, बॅग यात वापराचा भाग मोठा असतो, तिथे पॅटर्नवरचा कॉपीराइट सहसा वस्तूपर्यंत पोचत नाही. पण कुणी स्वतःच्या डोक्याने घडवलेली, चेहरामोहरा असलेली बाहुली असेल तर गोष्ट बदलते, कारण आपल्या कायद्यात कलात्मक कारागिरी ही पण कलाकृतीत मोडते. शिवाय डिझाइन कायदा २००० खाली कुणी डिझाइन रजिस्टर केलं असेल तर १० वर्षं आणि वाढवून १५ वर्षं ते त्यांचंच. त्यात परत पॅटर्न विकत घेताना अटी मान्य केलेल्या असतील तर तो तुमच्यातला आणि तिच्यातला करार पण होतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की कायद्याचा कीस पाडत बसण्यापेक्षा पॅटर्नखालची ओळ वाचावी, आणि ती लोकर घ्यायच्या आधी वाचावी. बऱ्याच जणींनी लिहिलेलं असतं की हाताने केलेल्या वस्तू थोड्या प्रमाणात विकल्या तर चालेल, डिझायनरचं नाव द्या. कुणी लिहितं फक्त स्वतःसाठी. काहीच लिहिलेलं नसेल तर विचारा.

विचारायचं कसं तर अगदी साधं. कुठला पॅटर्न, कुठून आणि कधी घेतला, मी नाशिकला राहते, स्वतः हाताने विणते, साधारण इतके नग या प्रदर्शनात आणि इन्स्टाग्रामवर विकायचेत, तुमचं नाव टॅगवर लिहीन, चालेल का? बस. उत्तर आलं की स्क्रीनशॉट काढून पॅटर्नच्याच फोल्डरमध्ये ठेवा. नाही म्हणाली तर सोडून द्या, ती पण आपल्यासारखीच घरात बसून टाके मोजत, उसवत, परत विणत महिनाभर त्यावर बसलेली असते. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही आणि तीन टाके बदलले की डिझाइन आपलं असाही काही नियम नाही, हे दोन्ही लोक फार ठामपणे सांगतात म्हणून लिहिलं. फोटो पण स्वतःच्या वस्तूचाच लावा, पॅटर्नवरचा उचलू नका.

कार्टूनचं वेगळंच. पिकाचू, छोटा भीम वगैरे स्टॉलवर पटकन जातात खरं, पण तिथे पॅटर्न लिहिणारीने हो म्हणून उपयोग नाही, कारण कॅरेक्टर तिचं नसतंच, ते कंपनीचं असतं, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्ही. जाणूनबुजून कॉपीराइट मोडून धंदा केला तर कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. मी तर हे टेबलावर ठेवूच नका म्हणेन.

त्यापेक्षा आपलं काहीतरी करा ना. नाशिकला द्राक्षाचा घड नाही तर काय! मॅजिक रिंगमध्ये ६ सिंगल क्रोशे टाके, पुढच्या फेरीत १२, दोन फेऱ्या १२ च, मग कापूस भरून घटवत ६ आणि तोंड बंद, झाला एक मणी. असे १५-१६ मणी वर जास्त आणि खाली कमी असे शिवले, वर एक हिरवं पान आणि कीचेनची कडी लावली की घड तयार, बाहेरगावचे पाहुणे हमखास घेतात. गोल विणायची रीत सगळ्यांची आहे, पण तुमचं पान कसं, रंग कुठले, मांडणी कशी हे तुमचं.

खेळणी म्हणून विकणार असाल तर अजून एक बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस मार्क (भारतीय मानक ब्युरोचा दर्जाचा शिक्का) सक्तीचा आहे, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून त्या नोंदणीचं पहचान कार्ड (कारागिराचं ओळखपत्र) काढून ठेवा.

आणि स्वतःचा पॅटर्न लिहिलात तर खाली तुमचं नाव, वर्ष आणि दोन ओळी मराठीत टाका: यावरून हाताने वस्तू करून विकल्या तर चालेल, पॅटर्न मात्र पुढे पाठवू नका. घेणारीला परत मेसेज करून विचारायला लागणार नाही.