शिजूनही टणक राहणारे काबुली चणे

दूध-अंडी सोडून कडधान्यांवर भर दिल्यापासून आमच्याकडे काबुली चणे आठ शिट्ट्यांनंतरही टणक राहत. साल सुटलेली असे, पण आतला गर दाताखाली खडूसारखा लागे. शिट्ट्या वाढवल्या, उकळत्या पाण्यात भिजवले, दुकानही बदलले. तीन महिने नुसता वैताग होता.

दोष बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा होता. त्यातील कॅल्शियम दाण्यातील पेक्टिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा घटक) घट्ट धरून ठेवते, आणि टोमॅटो मी सुरुवातीलाच घालत असल्याने आंबटपणाही आड येत होता.

आता एक वाटी चणे एक लिटर आरओच्या (क्षार गाळून काढलेल्या) पाण्यात 15 ग्रॅम मीठ घालून 12 तास भिजवतो, ते पाणी ओतून देऊन चणे धुतो, मग दाण्यांवर दोन बोटे येईल इतके नवे आरओचे पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 मिनिटे ठेवतो. वाफ आपोआप जिरू देतो. एक दाणा चिमटीत दाबल्यावर लोण्यासारखा पसरला, की मगच टोमॅटो घालतो. सोडा वाढवू नये, कारण चव साबणासारखी होते आणि थायमिनही (ब1 जीवनसत्त्व) नष्ट होते. वर्षानुवर्षे डब्यात पडून असलेले चणे मात्र या रीतीनेही पूर्ण मऊ होत नाहीत.