असिंक शिकताय? आधी प्रोग्रॅम कुठे ताटकळतोय ते शोधा

जूनमध्ये पुण्यात अप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तकं घ्यायला गेला असाल तर असिंक, म्हणजे एका कामाची वाट बघताना दुसरं काम उरकणं, तुम्ही बघितलंय. काउंटरवर एकच माणूस, तो तुमची यादी घेतो, माळ्यावरच्या पोराला ओरडून सांगतो "पाचवी, सेमी, पूर्ण सेट", आणि सेट खाली येईपर्यंत तुमच्यापाशी थांबून राहत नाही, मागच्याची यादी घेतो, तिसऱ्याचं बिल करतो, वरून गठ्ठा आला की तुम्हाला हाक मारतो. पायथनच्या असिंक-आयओ लायब्ररीमध्ये हा काउंटरवाला म्हणजे इव्हेंट लूप. माणूस एकच, म्हणजे थ्रेडही (कोड चालवणारा धागा) एकच, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

आता पोराला पुस्तक शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, असिंकमुळे तो कमी होत नाही. वाचतो तो काउंटरवर नुसतं ताटकळण्यातला वेळ. म्हणून कोड लिहायच्या आधी टायमर लावून बघा की तुमच्या प्रोग्रॅमचा वेळ नेमका जातो कुठे. एपीआयचं (दुसऱ्या सर्व्हरला विचारलेल्या माहितीचं) उत्तर, डेटाबेसची क्वेरी यांची वाट बघण्यात जात असेल तर असिंक घ्या. फोटो रिसाइझ करणं, मोठी आकडेमोड असलं काही असेल तर काउंटरवाला स्वतःच गठ्ठे बांधत बसल्यासारखं होतं, तिथे फायदा शून्य, त्यासाठी मल्टिप्रोसेसिंग (काम वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटणं) बघा.

सुरुवात सोपी आहे. फंक्शनच्या डेफच्या आधी असिंक लिहायचं की ते कोरूटीन फंक्शन, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा तिथूनच पुढे चालू शकणारं फंक्शन होतं. पण ते नुसतं कॉल केलं तर आतलं काहीच चालत नाही, हातात फक्त कोरूटीन ऑब्जेक्ट येतो, आणि "वॉज नेव्हर अवेटेड" अशी वॉर्निंग दिसली की समजायचं कॉलच्या आधी अवेट (म्हणजे "हे होईपर्यंत मी थांबतो, लूपनं तोवर दुसरं बघावं") लिहायचं राहिलं. सगळ्यात बाहेरचं मेन फंक्शन असिंक-आयओच्या रन ला द्यायचं, ते एकदाच. असिंक आणि अवेट हे शब्द पायथनमध्ये ३.५ पासून म्हणजे २०१५ पासून आहेत आणि रन आलं ३.७ मध्ये, त्यामुळे जुन्या लेखांत लूप हातानं बनवलेला दिसला तर तो कॉपी करू नका.

यानंतरची चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली. २०० एपीआय कॉल होते, एकेकाला साधारण अर्धा सेकंद, म्हणजे एकूण १०० सेकंद. मी सगळीकडे असिंक-अवेट लावलं, चालवलं, तरी १०० सेकंदच! फॉर लूपच्या आत अवेट होतं, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक पूर्ण होईपर्यंत मी दुसऱ्याची यादीच घेत नव्हतो. आधी सगळी कामं सुरू करायची आणि मग एकत्र वाट बघायची, त्यासाठी गॅदर आहे. रिझल्ट तुम्ही दिलेल्या क्रमानंच परत येतात, कोण आधी संपलं याचा फरक पडत नाही. पायथन ३.११ किंवा पुढचं असेल तर मी टास्कग्रुपच सुचवीन, कारण गॅदरमध्ये एक काम फेल झालं की एरर तुमच्याकडे येते पण बाकीची कामं मागे चालूच राहतात, टास्कग्रुप मात्र उरलेली कॅन्सल करून मगच बाहेर पडतो.

गॅदर लावूनही वेग वाढला नाही तर आतली लायब्ररी तपासा. रिक्वेस्ट्स लायब्ररी ब्लॉकिंग आहे, म्हणजे काम होईपर्यंत लूप अडवून धरते, टाइमचं स्लीप पण ब्लॉकिंग, म्हणजे काउंटरवाला स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढला आणि खाली रांग तशीच उभी. त्याऐवजी एचटीटीपीएक्सचा असिंक क्लायंट किंवा एआयओएचटीटीपी वापरा, स्लीप असिंक-आयओचं घ्या. ब्लॉकिंग लायब्ररीला पर्यायच नसेल तर टू-थ्रेड आहे, ते काम वेगळ्या थ्रेडवर ढकलतं.

आणि २०० च्या २०० कॉल एकदम सोडू नका प्लीज, समोरचा सर्व्हर पण कुणीतरी सांभाळत असतो, तो तुम्हाला ब्लॉक करेल. सेमाफोर (एका वेळी किती कामं चालू द्यायची ते ठरवणारा) घ्या, २० ची मर्यादा लावा, १० फेऱ्यांत म्हणजे साधारण ५ सेकंदांत काम होतं, १०० वरून ५ पुष्कळ झालं की. प्रत्येक कॉलला टाइमआउटही हवाच, नाहीतर एक अडकलेला कॉल सगळ्यांना धरून ठेवतो.

एक गोष्ट लोक फार उशिरा शिकतात. दोन अवेटच्या मध्ये दुसरं कुठलंही कोरूटीन घुसत नाही, पण अवेटवर तुम्ही काउंटर सोडलेला असतो. स्टॉकमध्ये शेवटची एक प्रत आहे हे बघितलं, मग पेमेंटसाठी अवेट केलं, परत येऊन स्टॉक कमी केला, तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकानंही तीच प्रत बघून पैसे भरलेले असू शकतात. थ्रेड एकच असला तरी हे होतं. त्यामुळे प्रत अवेटच्या आधीच राखून ठेवा आणि पेमेंट फसलं तर परत सोडा, किंवा असिंक-आयओचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं) वापरा.

क्रिएट-टास्कनं काम मागे सोडलंत तर तो टास्क व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, कारण लूप त्याचा फक्त वीक रेफरन्स (टास्कला मेमरीत टिकवून न धरणारा दुवा) ठेवतो आणि गार्बेज कलेक्टर, म्हणजे पायथनचा मेमरी साफ करणारा, तो मध्येच उडवू शकतो.

सुरुवातीचे काही दिवस रन ला डिबग ट्रू देऊनच चालवा. कुठलाही तुकडा १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवून बसला की लॉगमध्ये त्याची नोंद येते, शिडीवर कोण चढलंय ते तिथेच सापडतं.