खो-खोच्या सामन्याचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्यापूर्वीची तयारी

मराठवाड्यात, विशेषतः धाराशिव जिल्ह्यात, खो-खो खोलवर रुजलेला आहे. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे याच मातीतल्या. आता तालुका पातळीवरचा सामनाही कोणी ना कोणी मोबाइलवर टिपतो आणि संध्याकाळपर्यंत तो गावोगावी पोहोचतो. पाहणाऱ्यांत खेळाडूंचे आईवडील असतात, तसेच पुढच्या संघासाठी मुली हेरणारे प्रशिक्षकही असतात. त्यामुळे सूर मारणाऱ्या मुलीचा हात धावकाला लागला की नाही, एवढे त्या व्हिडिओत निःसंशय दिसलेच पाहिजे, आणि एक्स्पोर्टची, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याची, सगळी तयारी या एका गोष्टीसाठी करायची असते.

सर्वप्रथम मूळ फाइल मोबाइलमधून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डातून केबलने थेट लॅपटॉपवर घ्यावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली प्रत वापरू नये. ती पाठवतानाच आकार लहान करण्यासाठी दाबली गेलेली असते आणि नंतर कितीही वरची सेटिंग निवडली तरी गेलेला तपशील परत येत नाही. फाइल घेतल्यावर तिची माहिती उघडून रिझोल्यूशन (चित्रातील बिंदूंची संख्या) आणि फ्रेम रेट (सेकंदाला टिपलेली चित्रे, म्हणजे फ्रेम) वहीत लिहून ठेवावा. आपल्याकडचे कॅमेरे बहुधा २५ किंवा ५० फ्रेमवर लावलेले असतात, मोबाइल मात्र ३० किंवा ६० वर. शिवाय पुष्कळ मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, आणि मग लांबलचक सामन्यात शिट्टी आधी व गडी बाद नंतर, असा आवाज आणि चित्राचा ताळमेळ सुटतो. अशी फाइल संपादनाला घेण्यापूर्वी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून एकदा बदलून घ्यावी.

फ्रेम रेटबद्दल मात्र थोडे थांबून विचार केला पाहिजे. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारी मुलगी २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत २८ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, तर ५० फ्रेमच्या व्हिडिओत १४ सेंटिमीटर. बोटे पाठीला टेकली की नाही याचा निर्णय याच अंतरात दडलेला असतो. म्हणून ज्या फ्रेम रेटने चित्रण झाले त्याच फ्रेम रेटने एक्स्पोर्ट करावे, हा नियम मी कधीही मोडत नाही. एकदा मोडला होता. ५० फ्रेमचे चित्रण मी नजरचुकीने ३० वर एक्स्पोर्ट केले, तेव्हा सॉफ्टवेअरने शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळल्या आणि खांबाचा आधार घेऊन मारलेल्या एका अप्रतिम सुरात त्या मुलीला दोन-दोन पुसट हात दिसू लागले. प्रशिक्षकांनी मूळ चित्रण मागितले, पण तोवर मी कार्ड पुसून दुसऱ्या सामन्याला वापरले होते. त्या मुलीची ती कामगिरी पुराव्याविना राहिली याचे मला आजही वाईट वाटते, आणि तेव्हापासून व्हिडिओ लोकांपर्यंत नीट पोहोचल्याशिवाय मी कार्ड पुसत नाही.

यानंतर बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदासाठी वापरला जाणारा डेटा. मातीच्या मैदानावर उडणारी धूळ, फक्कीच्या रेषा, पाटीवर बसलेल्या आठ जणी आणि धावकामागे फिरणारा कॅमेरा यांमुळे जवळजवळ प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी होते, तर व्हिडिओ दाबण्याची पद्धत मुख्यतः दोन फ्रेममधील सारखेपणावरच चालते. म्हणून भाषणाच्या व्हिडिओला पुरणारा बिटरेट खेळाला पुरत नाही आणि धुळीच्या जागी चौकोनी ठिगळे दिसू लागतात. यूट्यूबने १०८०पी (१०८० ओळींच्या चित्रा) साठी सुचवलेला बिटरेट ३० फ्रेमपर्यंत ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि ५०-६० फ्रेमला १२ एमबीपीएस आहे. ७२०पी ला ५०-६० फ्रेमसाठी ७.५. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते: १०८०पी मध्ये ३० फ्रेम आणि ७२०पी मध्ये ५० फ्रेम यांना जवळपास सारखाच डेटा लागतो. गावाकडच्या नेटवर्कवरून अपलोड करायचे असेल आणि चित्रण ५० फ्रेमचे असेल, तर माझ्या मते निःशंकपणे ७२०पी आणि ५० फ्रेम निवडावे. ९ मिनिटांची एक पाळी त्यात साधारण ५०० एमबीमध्ये बसते, तर १२ एमबीपीएसला तीच ८०० एमबीच्या पुढे जाते.

बाकीची सेटिंग लवकर उरकतात. फाइल एमपी४, कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) एच.२६४, स्कॅन प्रोग्रेसिव्ह, आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. एच.२६५ ने फाइल लहान होते, पण जुन्या मोबाइलवर ती अडखळते किंवा उघडतच नाही. मोबाइलमध्ये एचडीआर (उजेड आणि रंगांचा वाढीव पल्ला टिपणारी सेटिंग) सुरू असेल तर चित्रणापूर्वीच बंद करावे, नाहीतर एक्स्पोर्टनंतर लाल माती फिकट दिसते. मैदानावरच्या भोंग्यातून चित्रपटगीत वाजत असेल तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, म्हणून तेवढ्या भागाचा आवाज काढून टाकावा. रीलसाठी १०८० बाय १९२० अशी उभी चौकट ठेवावी, पण त्यात फक्त एकच सूर किंवा एकच खो घ्यावा, कारण २७ मीटर लांबीचे मैदान उभ्या चौकटीत मावत नाही. शालेय मुली असतील तर पालकांची व शाळेची परवानगी आधी घ्यावी आणि गरज वाटल्यास व्हिडिओ ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असलेल्यांनाच दिसेल असा, ठेवावा.

संपूर्ण सामना एक्स्पोर्टला लावण्यापूर्वी सर्वात वेगवान हालचालीचे दहा सेकंद वेगळे एक्स्पोर्ट करून साध्या मोबाइलवर, शक्यतो उन्हात उभे राहून पाहावेत. हात आणि पाठ यांच्यातली फट दिसत असेल तरच पुढे जावे. वीज जाण्याची भीती असल्यास प्रत्येक पाळी वेगळी एक्स्पोर्ट करावी, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी एकाच पाळीचे काम पुन्हा करावे लागते. प्रशिक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे असल्यास फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल तशी न दाबता जाते. यूट्यूबवर अपलोड झाल्यावर प्रथम कमी दर्जाची प्रत दिसू लागते आणि वरचा दर्जा तयार व्हायला वेळ लागतो. शिवाय ४८०पी किंवा त्याखाली ५० फ्रेम दिसतच नाहीत. म्हणून गुणवत्तेच्या यादीत ‘७२०पी५०’ आल्याची खात्री केल्यानंतरच दुवा पाठवावा आणि त्यासोबत ‘दर्जा ७२०पी ठेवून पाहावे’ अशी एक ओळ लिहावी.