सत्र सुरू होण्याआधी: घर सांभाळणाऱ्या पालकाच्या वेळेची तयारी

घर आणि मुले सांभाळण्यात काही वर्षे गेल्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊ पाहणाऱ्या पालकाने सर्वांत आधी वेळापत्रक आखू नये. आधी नोंद ठेवावी. सत्र सुरू होण्यास सहा आठवडे असतानाच एक छोटी वही हाताशी घ्यावी आणि सुट्टीचे दिवस धरून सलग सात दिवस, प्रत्येक अर्ध्या तासात आपण काय केले हे एका ओळीत लिहून ठेवावे. आठवड्याचे तास १६८. रोजची सात तासांची झोप वजा केली तर ११९ उरतात, आणि कागदावर हा आकडा इतका ऐसपैस दिसतो की त्यात दोन पदव्या सहज मावतील असे वाटावे. वहीतून मात्र निराळेच चित्र पुढे येते. मूल झोपल्यावर मिळतो म्हणून आपण ज्याला दीड तास म्हणत आलो, त्यात दोनदा दार वाजलेले असते, एकदा मूल रडत उठलेले असते आणि उरलेल्या वेळात कपड्यांच्या घड्या झालेल्या असतात. घरी राहणाऱ्या पालकाजवळ वेळच नसतो असे नाही. तो अखंड नसतो.

म्हणून सात दिवस पूर्ण झाल्यावर ही वही घेऊन बसावे आणि प्रत्येक नोंदीसमोर एकच प्रश्न विचारावा: या वेळात मला कोणी हाक मारू शकत होते का? ज्या वेळात तसे कोणी नव्हते, त्याला आपण ‘बिनहाकेचा वेळ’ म्हणू. हे तास एका रंगाने रंगवावेत, बाकीचे दुसऱ्या. पहिल्यांदा ही बेरीज केल्यावर आठवड्याला जेमतेम सहा-सात तास हाती लागले तर निराश होऊ नये. आजवर हा वेळ राखून ठेवण्याचे कारणच पडले नव्हते. पुढची सगळी तयारी या बेरजेवर उभी राहणार असल्याने ती जितकी कठोरपणे कराल तितके बरे.

आता अभ्यासक्रमाच्या बाजूचा हिशेब मांडावा. अनेक ठिकाणी एका श्रेयांकामागे (क्रेडिट, म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक) विद्यार्थ्याने सुमारे २५ ते ३० तास काम करावे असे गृहीत धरलेले असते, आणि त्यात तासिका, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी हे सगळे येते. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे सुमारे १२० तास. सत्र पंधरा आठवड्यांचे असेल तर आठवड्याला आठ. असे तीन विषय घेतले की आठवड्याचे २४ तास झाले. वहीतली बेरीज आणि ही बेरीज शेजारी शेजारी लिहावी आणि प्रवेश अर्जावर विषयांची संख्या भरण्यापूर्वी दोन्हींकडे नीट पाहावे. पहिल्या सत्रात, नियम परवानगी देत असतील तर, एक किंवा दोनच विषय घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘इतकी वर्षे गेली, आता लवकर आटपू’ या घाईपोटी घेतलेला तिसरा विषय बहुतेकदा उरलेल्या दोघांनाही खाली ओढतो.

याच टप्प्यावर आपल्या अंदाजांवर थोडा अविश्वास दाखवण्याची सवय लावून घ्यावी. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील असे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. सगळे काही बिघडेल असे धरून केलेला अंदाजही ४९ दिवसांच्या आसपासच थांबला होता. त्या अंदाजात तापाने फणफणलेले मूल कोणी धरले असण्याची शक्यता कमीच. तेव्हा प्रत्येक स्वाध्यायाला मनात येईल त्याच्या दीडपट वेळ लिहावा आणि सादर करण्याच्या तारखेआधी तीन दिवसांवर स्वतःची वेगळी तारीख टाकावी.

यानंतरचे काम कंटाळवाणे वाटते, पण सगळ्या यादीत मला तेच सर्वांत मोलाचे वाटते: अभ्यासाची कामे वेळेच्या तुकड्यांच्या मापाने कापून ठेवणे. नवा पाठ समजून घेणे, लेखनाचा पहिला खर्डा, गणिते सोडवणे ही कामे बिनहाकेच्या वेळातच करावीत. संदर्भ शोधून ठेवणे, टिपणे नीट लावणे, लिहिलेल्या परिच्छेदातील चुका काढणे, शिक्षकांना पाठवायचा प्रश्न तयार करणे ही पंधरा मिनिटांची कामे आहेत आणि त्यांची वेगळी यादी स्वयंपाकघरात किंवा फोनमध्ये, जिथे हात सहज जाईल तिथे असावी. उजळणीसाठी तर तुकडे वरदानच ठरतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग तो आठवून पाहणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. पाठ आठवून पाहण्यासाठी टेबल-खुर्ची लागत नाही. शाळेच्या फाटकापाशी मुलाची वाट पाहतानाही ते होते.

हाक आली की उठावे लागतेच. उठण्यापूर्वी मात्र वहीच्या समासात एक ओळ लिहावी: इथपर्यंत आलो, पुढे हे करायचे आहे. एका कामातून दुसऱ्यात जाताना मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडले आहे. पहिले काम अर्धवट राहिले असेल तर हे अधिक जाणवते. त्या एका ओळीमुळे परतल्यावर धागा शोधण्यात दहा मिनिटे जात नाहीत आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलाजवळ बसलेले असताना डोके वहीत अडकून राहत नाही.

सत्राला तीन आठवडे उरले की घरातल्या माणसांशी बोलणे उरकावे. ‘मला थोडी मदत करा’ ही विनंती सगळ्यांना मान्य असते आणि म्हणूनच तिच्यातून काही निष्पन्न होत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री आठ ते दहा मुलांची संपूर्ण जबाबदारी कोणाकडे, त्या वेळात पाण्याचा पेला सांडला तरी कोण उठणार, इतक्या तपशिलात ठरले पाहिजे आणि ते लिहून भिंतीवर लागले पाहिजे. एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकाला हे बोलणे नातेवाईक, पाळणाघर किंवा अशाच अडचणीतला दुसरा एखादा पालक यांच्याशी करावे लागेल. दोन पालकांनी आठवड्यातील एक-एक दुपार एकमेकांची मुले सांभाळण्याची अदलाबदल हा उपाय बिनखर्ची असून टिकणाराही आहे. कोणती घरकामे सत्र संपेपर्यंत कमी वेळा होतील आणि कोणती मुळीच होणार नाहीत, हेही याच बैठकीत सांगून टाकावे, म्हणजे धुळीवरून नंतर वाद होत नाहीत.

मुलांच्या शाळेचे आणि आपल्या सत्राचे वेळापत्रक एकाच दिनदर्शिकेवर उतरवावे. आपली परीक्षा आणि मुलांची सुट्टी एकाच आठवड्यात आली असेल तर ते आत्ताच कळलेले बरे. आजारपणही दिनदर्शिकेतच धरावे: लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, म्हणजे एका सत्रात दोनदा तरी घर थांबणार. त्यासाठी दर पाच आठवड्यांत एक आठवडा नवे काम न नेमता मोकळा सोडावा आणि शाळेतून ‘मुलाला घेऊन जा’ असा फोन आला तर जाऊ शकेल अशा दोन माणसांना आधीच विचारून ठेवावे. हजेरीचे नियम, मुदतवाढ कशी आणि कोणाकडे मागायची, तासिकांचे ध्वनिमुद्रण मिळते का, हे प्रश्न शिक्षणसंस्थेला प्रवेशाच्या वेळीच विचारावेत.

जुन्या गुणपत्रिका, नाव बदलले असल्यास त्याचा पुरावा, चालणारा संगणक, सामग्रीची एकच ठरलेली पिशवी ही तयारी एका दुपारची आहे. ती लांबवू नये.

शेवटच्या आठवड्यात रंगीत तालीम करावी. ठरवलेल्या वारी, ठरवलेल्या वेळी, एखादे जुने पाठ्यपुस्तक घेऊन खरोखर बसावे आणि दार बंद असताना आपल्याला केव्हा बोलवायचे व केव्हा नाही हे मुलांना समजावे, म्हणून दारावर एखादी खूण लावावी. तालमीत जे मोडेल ते दुरुस्त करावे. झोपेतून तास काढून तूट भरण्याचा मोह मात्र टाळावा. थकलेल्या डोक्याने वाचलेले पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे लागते.

आणि दिनदर्शिकेवर एक तारीख लाल शाईने लिहायची राहिली असेल तर ती आजच विचारून घ्यावी: शुल्क न गमावता किंवा नापासाची नोंद न होता विषय सोडता येण्याची शेवटची तारीख. तिच्या एक आठवडा आधी फोनमध्ये आठवण लावावी आणि त्या दिवशी, सत्र सुरू होण्याआधी केली तशीच, सात दिवसांची वही पुन्हा उघडावी.